होम थिएटरची जोडणी : संकेताचे स्वरूप व केबलची निवड

१९४९ मध्ये नामकरण झालेले, सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेले उल्हासनगर आज मोठी बाजारपेठ आहे. अंबरनाथ व बदलापूर ही शेजारची शहरे. येथील मध्यमवर्गीय कुटुंब होम थिएटर घेते तेव्हा केबलवर किती खर्च करावा, हा प्रश्न उभा राहतो. किंमत नव्हे, तर केबलमधून वाहणाऱ्या संकेताचे स्वरूप हा निवडीचा निकष असावा.

अ‍ॅनालॉग पद्धतीत पिवळी पिन चित्र, तर पांढरी व लाल पिन अनुक्रमे डावा व उजवा ध्वनी वाहते. पिवळ्या पिनेत रंग व प्रकाशमान एकत्र असल्याने चित्र धूसर होते. २००२ मध्ये आलेल्या एचडीएमआय केबलमधून चित्र व बहुवाहिनी ध्वनी डिजिटल स्वरूपात एकत्र जातात. हा संकेत नीट पोहोचला की महागड्या केबलने चित्र अधिक सुंदर होत नाही. क्षमता अपुरी पडल्यास मात्र चित्र तुटते. सेकंदाला ६० चौकटींच्या फोर-के चित्रासाठी १८ गिगाबिट क्षमतेची केबल घ्यावी. ऑप्टिकल केबल प्रकाशाद्वारे केवळ ध्वनी वाहते. त्यामुळे तिला विद्युत व्यत्यय बाधत नाही. टीव्ही व अ‍ॅम्प्लिफायर या दोहोंवर 'एआरसी' असे लिहिलेले एचडीएमआय सॉकेट असल्यास टीव्हीचा ध्वनी त्याच केबलने परत जातो.

स्पीकरची अधिक-उणे टोके उलट जोडल्यास खर्जाचे स्वर क्षीण होतात. सारांश, उपकरणांमागील सॉकेट पाहून व अंतर मोजून मगच खरेदी करणे हिताचे ठरते.