लूथरन मंडळी : तिचे सामुदायिक जीवन व वर्षाचे कार्यक्रम

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षात प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत शेजारधर्माविषयी काही उपयुक्त माहिती असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ साली उभे राहिले. या परिसरात मराठी, तेलुगू, उर्दू, मारवाडी व कानडी बोलणारी कुटुंबे एकमेकांस लागून राहत आली आहेत. दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा आणि नाताळचा केक यांची देवघेव येथे नवी नाही. परंतु फराळाचे ताट शेजारच्या घरी जाते, तितक्या सहजपणे आपण शेजाऱ्याच्या उपासनेविषयी चौकशी करीत नाही. नाताळच्या उपासनेस या, असे ख्रिस्ती शेजाऱ्याने अगत्याने सांगितले म्हणजे कित्येक घरांत प्रश्न पडतो, की तेथे जावे की न जावे, गेल्यास काय करावे आणि आपल्या धर्मास काही बाध तर येणार नाही ना? या प्रश्नांची उत्तरे देता यावीत म्हणून लूथरन मंडळीचे जीवन येथे थोडक्यात समजावून देत आहे.

प्रथम नावाविषयी. मराठी ख्रिस्ती समाजात 'मंडळी' हा शब्द 'चर्च' या अर्थी रूढ आहे. इमारतीपेक्षा एकत्र जमणाऱ्या माणसांवर त्यात भर आहे. मार्टिन लूथर (१४८३–१५४६) हा जर्मनीतील धर्मगुरू व अध्यापक होता. १५१७ साली ३१ ऑक्टोबर रोजी त्याने पापक्षमेच्या विक्रीविरुद्ध पंचाण्णव विधाने मांडली व त्यातून युरोपात धर्मसुधारणेची चळवळ सुरू झाली. देवाची कृपा विकत मिळत नाही, ती श्रद्धेने लाभते, आणि धर्मग्रंथ सामान्य माणसास त्याच्या मातृभाषेत वाचता आला पाहिजे, हे त्याच्या शिकवणुकीचे दोन मुख्य खांब होत. त्याने स्वतः बायबलचे जर्मन भाषांतर केले. ते संपूर्ण स्वरूपात १५३४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी ज्ञानेश्वरी मराठीत ऐकली आहे त्यांस या दुसऱ्या खांबाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हिंदुस्थानात लूथरन पंथ १७०६ साली आला. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झीगेनबाल्ग व प्ल्यूटशाऊ हे दोन जर्मन तरुण त्या वर्षी तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश ठाण्यात उतरले. त्या वेळी शेजारच्या तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी होते. म्हणजे या देशातील पहिल्या लूथरन मंडळीचे शेजारी राज्य मराठ्यांचे होते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

पुढे या शेजाराला फार सुंदर फळ आले. श्वार्ट्झ नावाचा लूथरन धर्मोपदेशक १७५० साली हिंदुस्थानात आला व आयुष्याची अखेरची वीस वर्षे त्याने तंजावरात घालविली. तुळजाजी महाराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीच्या रक्षणाचा भार त्यांनी या परधर्मीय माणसावर टाकला. गादी अमरसिंगाकडे गेली, सरफोजीचे हाल झाले, तेव्हा श्वार्ट्झने त्या मुलाचा कैवार घेतला व त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला. सरफोजीराजांनी लंडनचा नामांकित शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारकशिल्प करविले. मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरून राजा उभा आहे, असे ते शिल्प तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. याच राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि छापखाना घालून १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' हे मराठी पुस्तक छापविले. लूथरन गुरूच्या छायेत वाढलेला हा राजा अखेरपर्यंत हिंदूच राहिला, आणि त्याने गुरूचे ऋणही कधी झाकून ठेवले नाही. धर्मास बाध येईल काय, या शंकेस याहून चांगले उत्तर मला सापडत नाही. याच श्वार्ट्झला मद्रासच्या इंग्रजांनी १७७९ साली हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास वकिलीसाठी पाठविले होते. हैदरअलीने प्रवासखर्चासाठी दिलेले तीनशे रुपये त्याने स्वतःकडे ठेविले नाहीत. ते तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेकडे लावले. मुसलमान नवाबाचा पैसा, ख्रिस्ती माणसाचा हात आणि मराठी राजाच्या गावातील शाळा! धर्मादायाचा याहून बोलका दाखला कोणता द्यावा?

आपल्या तेलुगू मुलखात ही मंडळी १८४२ साली आली. त्या वर्षी ३१ जुलै रोजी अमेरिकेतून आलेले हायर गुंटूरला पोहोचले. तेथे व राजमहेंद्रीस झालेल्या कार्यातून १९२७ साली 'आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्च' ही संस्था स्थापन झाली. किनारी जिल्ह्यांतील लूथरन कुटुंबे नोकरीधंद्यासाठी हैदराबादेस आली व त्यांच्याबरोबर त्यांच्या मंडळ्याही आल्या. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेदकचे १९२४ साली पूर्ण झालेले भव्य चर्च पुष्कळांनी पाहिले आहे. परंतु ते मेथॉडिस्टांनी बांधलेले असून १९४७ साली स्थापन झालेल्या 'चर्च ऑफ साउथ इंडिया'कडे आहे. लूथरनांची संघटना त्याहून वेगळी आहे.

आता रविवारची उपासना कशी चालते ते पाहू. आरंभी पापांची कबुली व क्षमेची घोषणा, मग गीते, बायबलमधील नेमलेली वाचने, पाळकाचे प्रवचन, विश्वासांगीकार, दानार्पण, सर्वांसाठी प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद, असा सर्वसाधारण क्रम असतो. पाळक गृहस्थाश्रमी असतो. लूथरने स्वतः १५२५ साली विवाह करून हा पायंडा घातला. गीते केवळ गायकवृंदाने न म्हणता सर्व मंडळीने म्हणावयाची, ही तर या पंथाची खूणच होय. अनेक तेलुगू मंडळ्यांत पादत्राणे बाहेर काढतात व स्त्रिया आणि पुरुष दोन बाजूंस बसतात. त्यामुळे मंदिरात वा मशिदीत जाणाऱ्यास तेथे फारसे परके वाटत नाही. शुक्रवारचा खुत्बा ऐकणाऱ्या माझ्यासारख्यास प्रवचन ओळखीचे वाटते आणि वारकऱ्यास सामुदायिक गायन ओळखीचे वाटेल.

पाहुण्याने काय करावे? इतर उभे राहिले म्हणजे आदराने उभे राहावे, बसले म्हणजे बसावे. ओठ हलवलेच पाहिजेत असे नाही. दानाची थैली पुढे आली तर काही टाकणे आपल्या इच्छेवर आहे. भाकर व द्राक्षारस यांचे प्रभुभोजन असेल तेव्हा पुढे जाऊ नये. तो बाप्तिस्मा घेतलेल्यांचा संस्कार आहे. आपण जागेवर बसून राहिल्यास कोणास अपमान वाटत नाही. उपासनेनंतर दारात हस्तांदोलन होते, मुलांची विचारपूस होते व बहुधा चहाही होतो.

मंडळीचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो व तेथून नवे धर्मवर्ष सुरू होते. त्या दिवसांत गायकवृंद घरोघर नाताळची गीते गातात, बालके देखाव्यांची तालीम करतात. २५ डिसेंबरला नाताळ, ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षाखेरची उपासना, ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण. मग राखेचा बुधवार येतो आणि रविवार वगळून ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार व ईस्टर असा तो शेवटास जातो. ईस्टरनंतर ४० व्या दिवशी स्वर्गारोहण व ५० व्या दिवशी पेंटेकॉस्ट. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांचे बायबल वर्ग भरतात. ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन हा खास लूथरन सण होय. तो पुष्कळदा लगतच्या रविवारी साजरा होतो. सुगीचा उपकारस्तुतीचा सण दक्षिणेतील मंडळ्या आपापल्या सोयीने करतात. त्यात धान्य, भाजी, फळे, कोंबडी असे जे कोणी आणील ते अर्पण होते व मग त्याचा लिलाव पुकारतात. एक भोपळा पाच वेळा विकला गेला तरी कोणी तक्रार करीत नाही, कारण पैसा मंडळीच्या कार्यास जातो. पाहुण्याला सर्वांत मोकळेपणा वाटेल असा सण मला विचाराल तर हाच.

ईस्टर दरवर्षी तारीख का बदलतो, असे मुले विचारतात. नियम असा आहे, की २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यानच पडतो. ही पौर्णिमा आकाशात पाहून नव्हे, तर ठरलेल्या कोष्टकावरून घेतात. आपल्या पंचांगात अधिक मास घालून चांद्रवर्षाचा सौरवर्षाशी मेळ घालतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे व निव्वळ चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. एकाच चंद्रावर तिन्ही समाजांची नजर आहे. हिशेबाची रीत तेवढी निराळी.

सणांखेरीज मंडळीचे आठवड्याचे जीवनही भरगच्च असते. मुलांसाठी रविवारची शाळा, कुमारांसाठी लूथरच्या १५२९ सालच्या लहान प्रश्नोत्तरावलीचा अभ्यास व त्यानंतर दृढीकरण, तरुण संघ, स्त्रियांची प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरी सोबत. स्त्रियांच्या कार्याचे मोल गुंटूरच्या अनुभवावरून कळते. डॉ. ॲना कुगलर या अमेरिकन विदुषी १८८३ साली तेथे आल्या. डॉक्टर असूनही त्यांची नेमणूक प्रथम शिक्षणकार्यासाठी होती. परंतु पुरुष डॉक्टरास नाडी दाखवू न शकणाऱ्या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या आणि १८९८ साली स्त्रियांचे रुग्णालय उघडले गेले. १९३० साली गुंटूर येथेच त्यांचे देहावसान झाले.

न्यासाच्या सभासदांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट आहे. १५२३ साली जर्मनीतील लाइस्निग या लहान गावाने, लूथरच्या सल्ल्याने, गोरगरिबांसाठी सामाईक पेटी स्थापन केली. तिच्यावर दहा विश्वस्त नेमले: दोन सरदारांपैकी, दोन नगरसभेचे, तीन नागरिक व तीन शेतकरी. पेटीस चार वेगवेगळी कुलपे होती, म्हणजे कोणा एकट्याला ती उघडता येऊ नये. विश्वस्तांनी दर रविवारी बसावे व वर्षातून तीनदा साऱ्या गावापुढे हिशेब ठेवावा, असा नियम होता. वृद्ध, अनाथ, कर्जात बुडालेले कारागीर व मुलामुलींच्या शाळा यांवर खर्च व्हावयाचा होता. योजना उत्तम, परंतु नगरसभेने जुनी धर्मादाय मालमत्ता पेटीच्या हवाली करण्यास टाळाटाळ केली व लूथरला त्याबद्दल तक्रार करावी लागली. नियम कितीही चांगले असले तरी ज्यांच्या हाती मालमत्ता असते त्यांचे मन उदार नसेल तर पेटी रिकामीच राहते, हा धडा पाचशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

लूथरन मंडळ्या स्वागतशील म्हणून ओळखल्या जातात. तथापि त्यांचे स्वागत सदैव निर्मळ होते असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. तरंगंबाडी व तंजावरच्या जुन्या मंडळ्यांत जातवार बसण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. आंध्रातील बहुसंख्य लूथरन माला व मादिगा समाजांतून आले. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांना या मंडळीने प्रथम आत बसविले, हे तिचे मोठे श्रेय आहे, आणि त्या दोन समाजांतील अंतर तिलाही सहजासहजी मिटविता आले नाही, ही तिची अडचण आहे. कायद्याने आणखी एक पेच निर्माण केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेर राहिले. धर्म बदलला तरी वस्तीतील वागणूक व घरचे दारिद्र्य बदलतेच असे नाही. अशा घरातील हुशार मूल फीअभावी मागे पडते, हे शिक्षकाच्या पेशात वारंवार पाहावे लागते.

म्हणून महोत्सवाच्या निमित्ताने सभासदांपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. शेजारच्या मंडळीने सुगीच्या सणास वा नाताळास बोलाविले तर कुटुंबासह जावे, आणि संक्रांतीच्या तिळगुळास त्यांना आपल्याकडे आठवणीने बोलवावे. आपला वार्षिक हिशेब केवळ छापून न वाटता सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. आणि आपली शिष्यवृत्ती मराठी बोलणाऱ्या प्रत्येक गरजू मुलास, त्याच्या घरी गणपती असो, कुराण असो वा बायबल असो, सारख्याच कसोटीने द्यावी. नारायण वामन टिळकांचे मराठीही आपलेच मराठी आहे.

सरफोजीराजांनी परधर्मीय गुरूचे ऋण संगमरवरात कोरून ठेविले. आपल्याजवळ तेवढे द्रव्य नाही. परंतु दार उघडे ठेवण्यास द्रव्य लागत नाही. न्यासाची पेटी भरलेली राहो, तिची कुलपे पुष्कळांच्या हाती राहोत आणि ती योग्य वेळी उघडत राहो, ही सदिच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.