संगणकातला कारखाना आणि नेरचा कामगार

कारखान्याचा पाया खोदण्याआधीच तो संगणकात चालवून पाहतात, ही आता कादंबरीतली कल्पना राहिलेली नाही. बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीने हंगेरीतील डेब्रेसेनच्या कारखान्याचे उत्पादन 2023 मध्ये, म्हणजे प्रत्यक्षाच्या दोन वर्षांहून अधिक आधी, आभासी कारखान्यात सुरू करून पाहिले. यंत्र कुठे बसेल, माल कुठे तुंबेल, हे सारे संगणकावर आधीच तपासता येते. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या नेर-परसोपंतला याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कापूसपट्ट्यातल्या जिनिंगमध्येच आहे.

जिनिंगमध्ये रेच्यांवर रुई आणि सरकी वेगळी होते आणि प्रेसमध्ये रुईची सुमारे 170 किलोची गाठ बांधली जाते. समजा, रेचे तासाला 10 गाठींची रुई देतात आणि प्रेस 8 गाठीच बांधतो. मग 8 तासांच्या पाळीत 16 गाठींची रुई साचणार. अशा वेळी नवा रेचा घेणे व्यर्थ, कारण काम अडले आहे प्रेसपाशी. पण रेचे 20 असले, वीज मधेच गेली, कापसाच्या गाड्या एकदम आल्या, तर हा हिशेब डोक्यात मावत नाही. सिम्युलेशन तोच हिशेब शेकडो वेळा मांडते आणि महिन्याचे काम काही मिनिटांत चालवून दाखवते. डेटा अॅनालिटिक्स हे त्याचे दुसरे अंग. यंत्राची थरथर आणि तापमान यांच्या नोंदींवरून बेअरिंग बिघडत असल्याचे आधी कळते. रुईच्या ढिगाजवळ तापलेले बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणजे हे तंत्र कामगाराचा जीवही वाचवू शकते.

परंतु संगणकाला जे सांगावे तेवढेच तो मानतो. दुपारचा थकवा, पाणी पिण्याची उसंत, तोंडाला फडके बांधून रेच्यावर राबणाऱ्या बाईचा खोकला, हे आकड्यांत नसेल तर त्याच्या लेखी ते नाहीच. मग विसावा हा वाया गेलेला वेळ ठरतो आणि 10 माणसांच्या जागी 7 पुरेत, असा निकाल लागतो. निकाल यंत्राचा म्हटल्यावर त्याच्याशी भांडायचे कोणी?

म्हणून खरा प्रश्न आहे, आकडे भरणारा कोण?

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, त्याने विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. जादा मजुरी मात्र त्याच खात्यात होती. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. आज विटाळाचे नाव कोणी घेणार नाही. पण संगणकाच्या खोलीत ठरावीक घरांतली पोरे आणि गाठी ओढायला आपली पोरे, अशी वाटणी झाली तर ते नवे विणकाम खातेच होय.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, 1945 साली, पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले. आयटीआयच्या प्रशिक्षणाची धुरा वाहणारे आजचे केंद्रीय महासंचालनालय त्याच मुळातून वाढले. तेव्हा आयटीआयला कमी लेखू नका. फिटर झालेल्या पोराला बेअरिंगचा बदललेला आवाज कळतो. त्याने या ज्ञानाला संगणकाची जोड दिली पाहिजे. पायथन भाषेतले सिमपाय हे साधन फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. वस्तीतल्या विहारात एक संगणक, एक शिकवणारा आणि जवळच्या जिनिंगचे खरे आकडे, एवढ्यावर पहिला धडा होऊ शकतो.

कामगार संघटनांनीही मागणी केली पाहिजे की आभासी कारखान्यात भरलेले आकडे कामगारांना दाखवा, आणि विसावा, पाणी व धूळ यांचा हिशेब त्यात धरा. ही मागणी करायची तर ते आकडे वाचता आले पाहिजेत. नेरच्या तरुणांनी या कामाला आजच लागावे.