जुलै १९१४ : बाल्कनचा कलह आणि महायुद्ध

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा वध झाला. सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले गेले ते मात्र २८ जुलैस. अभ्यासकाने लक्ष द्यावयाचे ते या मधल्या महिन्याकडे. ५ जुलैस जर्मनीने ऑस्ट्रियास बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. १९०९ साली बोस्नियाच्या प्रश्नावर माघार घ्यावी लागलेल्या रशियास सर्बियाला पुन्हा वाऱ्यावर सोडणे अशक्य वाटत होते.

तथापि केवळ मैत्रीच्या करारांमुळे युद्ध पसरले, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कराराने बांधलेला असूनही इटली तटस्थ राहिलाच! अधिक निर्णायक ठरली ती सैन्याच्या जमवाजमवीची वेळापत्रके. रशियाची जमवाजमव मंद गतीने होईल, तेवढ्या अवधीत फ्रान्सचा पाडाव करावयाचा, या हिशेबावर जर्मनीची योजना उभी होती. त्यामुळे ३० जुलैस झारने सार्वत्रिक जमवाजमवीचा हुकूम देताच वाटाघाटींत जाणारा प्रत्येक दिवस बर्लिनला तोट्याचा वाटू लागला. १ ऑगस्टला कैसरने सारे सैन्य पूर्वेकडे वळविण्याची सूचना केली, तेव्हा सेनापती मोल्ट्के याने ती अशक्यप्राय ठरविली. फ्रान्सकडे जाणारा नियोजित मार्ग बेल्जममधून होता. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य तेथे शिरले. त्याच रात्री ब्रिटन, आणि त्याच्या मागोमाग, कोणी न विचारता, हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला.