तिपटीचं गणित आणि कॉलेजचा वर्ग

2014 साली केबीसी मल्टिट्रेडचं प्रकरण नाशिकमध्ये उघडकीला आलं. अल्पावधीत पैसे तिप्पट होतील या बोलीवर हजारो कुटुंबांनी तिथे रकमा भरल्या होत्या. दोन वर्षांनी मैत्रेय या ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीचे ठेवीदारही नाशिक पोलिसांकडे गेले. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा 1999 पासून आहे, पण त्याची आठवण होते ती पैसे अडकल्यावर.

तीन वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला 44 टक्के चक्रवाढ. पाच वर्षं धरली तरी जवळपास 25 टक्के. एवढा परतावा खात्रीने देणारा कुठलाही धंदा नसतो. चक्रवाढ व्याजाचं सूत्र शाळेतच शिकवतात आणि ते शिकलेली मुलं या घरांमध्येही होती. एजंटाने दिलेल्या रंगीत पत्रकावर ते सूत्र लावून बघायचं असतं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात पैशाचा विषय शिकवायचा तर सुरुवात इथूनच व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

तशी संधी आता आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची पदवीरचना 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. ओपन इलेक्टिव्हमुळे इतिहासाच्या किंवा रसायनशास्त्राच्या मुलालाही दुसऱ्या शाखेतला विषय घेता येतो. त्यामुळे बचत, विमा, गुंतवणूक हे विषय नाशिकच्या बीवायकेसारख्या वाणिज्य महाविद्यालयाच्या भिंतींत अडकून राहण्याचं कारण उरलेलं नाही. आणि वाणिज्यच्या मुलांनाही त्यांची गरज आहेच. कंपनीचा ताळेबंद बिनचूक जुळवणाऱ्या मुलाला वडिलांच्या पॉलिसीवरची विमा रक्कम म्हणजे नेमकं काय, हे अनेकदा सांगता येत नाही.

म्हणून वर्गात घरचे कागद आणायला लावावेत. समजा, पॉलिसीचा हप्ता वर्षाला 24 हजार, मुदत 20 वर्षं आणि शेवटी मिळणार 8 लाख 80 हजार. भरलेले 4 लाख 80 हजार जवळजवळ दुप्पट झाले म्हणून घर खूश असतं. हिशेब मांडला की परतावा निघतो वर्षाला साडेपाच टक्के. मग दुसरा, जास्त महत्त्वाचा प्रश्न विचारावा: कमावता माणूस उद्या गेला तर हातात काय येईल? अशा पॉलिसीची विमा रक्कम बहुधा चार-पाच लाखांची असते. महिन्याला 30 हजार लागणारं घर पाच लाखांत दीड वर्षही चालत नाही. टर्म इन्शुरन्समध्ये मुदत संपल्यावर काही परत मिळत नाही म्हणून आपल्याकडे तो ‘वाया गेलेला पैसा’ वाटतो. पण तरुण वयात थोडक्या हप्त्यात मोठं कवच तोच देतो. बँक खात्यातून वर्षाला 436 रुपये कापून जाणाऱ्या प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेत दोन लाखांचा विमा मिळतो. पॉलिसी हाती पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, हेही फार थोड्यांना ठाऊक असतं.

ठेवींबद्दल तर प्रत्येक मराठी घराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवींना, एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत, ठेव विम्याचं संरक्षण आहे. नागरी सहकारी बँका त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. एकाच गल्लीत दोन्हींच्या पाट्या असतात, संचालक मंडळींतले चेहरेही ओळखीचे असतात, आणि एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम पतसंस्थेत जाते.

आजच्या मुलांच्या हाती मात्र पासबुकाऐवजी मोबाइल आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींहून अधिक. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलं. गुंतवणुकीच्या पहिल्याच तासाला हे आकडे फळ्यावर लिहायला हवेत. एसआयपी, इंडेक्स फंड, डीमॅट हे सगळं त्यानंतर. सेबी आणि एनआयएसएमची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे, ती मुलांना जरूर द्यायला लावावी.

नाशिकला 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे आणि मराठीतून पाठ्यपुस्तकं काढण्याचा अनुभव त्याच्याकडे आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून या विद्यापीठाच्या अभ्यासाला बसणाऱ्या तरुणाला हा विषय नियमित कॉलेजातल्या मुलापेक्षा आधी हवा, कारण त्याचा पगार सुरू झालेला आहे. त्याच्यासाठी पहिला स्वाध्याय साधाच असावा: पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक, बँकेचं पासबुक आणि घरातली एक पॉलिसी समोर घेऊन कुठे नॉमिनी म्हणून कोणाचं नाव आहे, ते लिहून काढायचं. लग्नानंतर ते बदलायचं अनेकांचं राहून जातं. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा बँकेत एक चक्कर त्याने त्याच आठवड्यात टाकावी.