खानदेशातले जिन

‘जिन’ हा इंग्रजीतून आलेला दोन अक्षरी शब्द खानदेशात शेतकरी, व्यापारी, हमाल अशा सगळ्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. वेचलेला कापूस जिनात जातो, तिथे सरकी आणि रुई वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. अहिराणी बोलणारा माणूस ‘जिनमा’ म्हणतो, तर वर्तमानपत्रे ‘जिनिंग-प्रेसिंग’ लिहितात. कापसाच्या बाबतीत इंग्रजीत हे नाव मुळात सरकी काढणाऱ्या यंत्राचे. खानदेशात आणि वऱ्हाडात मात्र ते यंत्र, त्याभोवतीचा कारखाना, कापसाच्या गंजी लावण्याचे आवार आणि वजनकाटा या सगळ्याला मिळून जिन म्हणतात.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘एंजिन’ झाला. त्याचा अर्थ कौशल्य, युक्ती आणि पुढे युक्तीने बनवलेले साधन. इंग्रजीत येताना पहिले अक्षर गळाले आणि ‘जिन’ उरला. न गळता जो राहिला तो ‘इंजिन’. इंजिनिअर हा शब्दही त्याच घरातला. मध्ययुगीन इंग्रजीत जिन म्हणजे डावपेच, जिन म्हणजे फासा, जिन म्हणजे ओझे उचलण्याची कप्पी. सशांसाठी लावायच्या लोखंडी दातेरी सापळ्यालाही हेच नाव होते; त्या क्रूर सापळ्यावर इंग्लंडमध्ये 1958 पासून बंदी आहे. कोळशाच्या खाणीतून घोड्याच्या बळावर माल वर ओढणारा रहाट म्हणजे ‘हॉर्स जिन’. माणसाची ताकद वाचवणारी किंवा समोरच्याला अडकवणारी कोणतीही करामत या एका शब्दात मावत असे.

कापसाच्या जिनाची कल्पना भारतात फार जुनी. अजिंठ्याच्या चित्रांत पाचव्या शतकातली एका लाटण्याची चरखी रंगवलेली आढळते आणि अजिंठा जळगावपासून दूर नाही. पुढे दोन लाटण्यांची चरखी आली. कापूस त्यांच्यामधून ओढला की तंतू पलीकडे जात आणि सरकी अलीकडे पडे. अमेरिकेत एली व्हिटनीने 1794 साली दातेरी जिनाचे पेटंट घेतले. तिथला आखूड तंतूचा कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असे, त्यामुळे या यंत्राने कामाचा वेग कितीतरी वाढला. पण सरकी काढणे सोपे झाले तशी कापसाची लागवड पसरली आणि शेतात राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढतच गेली. यंत्राच्या कौतुकात ही बाजू झाकली जाऊ नये. 1840 साली फोन्स मॅकार्थीने वेगळ्या तत्त्वाचा जिन काढला. त्यात चामड्याचा रूळ तंतू धरून ओढतो, एक पाते स्थिर राहते आणि दुसरे खालीवर होत सरकी झटकून टाकते. तंतू तुटत नाहीत हा त्याचा मोठा गुण. भारतातल्या बहुतेक जिनांत आजही याच तत्त्वावरची दुहेरी रुळांची यंत्रे चालतात.

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीला त्या सुमारास रेल्वेही मिळाली. पुढे वाफेवर चालणारे जिन आणि गाठी दाबणारे प्रेस आले, आणि त्यांच्याबरोबर ‘जिन’ हा शब्दही खानदेशात रुजला. सरकी काढलेला माल दाबून पाठवला तर वाहतूक स्वस्त पडते, म्हणून जिन आणि प्रेस ही जोडी कायमची जुळली. जिनातला पहिला प्रश्न असतो ‘उतारा किती?’ एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेला बहुतेक भाग सरकीचा. सरकीचे तेल आणि पेंड होते. रुईची गाठ 170 किलोची असते, पण भाव अजूनही खंडीवर, म्हणजे सुमारे 356 किलोंवर बोलला जातो.

‘जिन’ नावाच्या दारूचा ‘इंजेनियम’च्या घराण्याशी काहीही संबंध नाही. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास या दारूला दिला जातो. त्या झुडपाच्या लॅटिन नावावरून फ्रेंचमार्गे डच भाषेत ‘येनेव्हर’ झाला आणि इंग्रजांनी तो आखडून ‘जिन’ केला. छापील इंग्रजीत हे आखूड रूप 1714 साली दिसते. लंडनमधल्या गरीब वस्त्यांत या स्वस्त दारूने इतका कहर केला की 1751 साली संसदेला कडक कायदा करावा लागला. दोन वेगळ्या मुळांचे शब्द झिजत झिजत एकाच रूपावर आले, इतकाच त्यांचा योग.

मराठीत लिहिताना ही गर्दी आणखी वाढते. संस्कृत ‘जि’ धातूपासून आलेला ‘जिन’ म्हणजे इंद्रिये जिंकलेला. ‘जैन’ शब्द त्यावरूनच झाला. सुरस गोष्टींमधला जिन अरबी ‘जिन्न’चा, घोड्याचे जीन फारसी, तर जीनचे कापड इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावावरून आलेले. वंशगुण वाहणारा ‘जीन’ हा शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी 1909 साली ग्रीक मुळावरून घडवला. भारतात 2002 साली जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून बीटीचा जीन खानदेशातल्या बियाण्यातही आहे. त्या बियाण्याच्या कापसाची सरकी जिनातच निघते आणि त्या रुईचे सूत जीनच्या कापडात जाते, पण या तीन शब्दांचे एकमेकांशी नाते नाही.

‘जिन’चा कारखान्याचा आणि आवाराचा अर्थ खानदेशात आणि वऱ्हाडात या मातीत रुजला आहे. ‘उतारा’, ‘गंजी’, ‘खंडी’ यांसारख्या सोबतच्या शब्दांसह तो जिनात काम केलेल्या माणसांकडून नीट उतरवून घ्यावा आणि मराठीच्या बोलीकोशांत त्याला पूर्ण अर्थाने जागा द्यावी.