अंबाडी, गांजा आणि रात्रीचा हिशेब

औशात माझ्या घरामागच्या परड्यात दरवर्षी अंबाडीची दहा-बारा झाडं असतात, भाजीपुरती. तीन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत खांबावर नवा पांढरा दिवा बसला. त्या वर्षी भिंतीआडच्या झाडांना नवरात्रात फुलं आली. दिव्याच्या उजेडातली झाडं मात्र नुसतीच पाल्यानं वाढत राहिली. बी तेच, माती तीच, पेरल्याचा दिवसही तोच. मी वहीत नोंद केली आणि कारण शोधायला लागलो. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. वनस्पतिशास्त्र जे थोडंफार आलं ते ग्रंथालयातून आणि रद्दीच्या दुकानातून.

ती वही पुढे वेगळ्याच कामाला आली. आमच्या गल्लीतला एक मुलगा पुण्यात शिकायला होता. खोलीत दिव्याखाली त्यानं गांजाची दोन झाडं वाढवली आणि पकडला गेला. जामीन झाला. त्याचे वडील माझ्याकडे आले, कारण गल्लीत झाडाझुडपांची पुस्तकं फक्त माझ्याकडे आहेत. म्हणाले, "अण्णा, पोरगं म्हनतंय ही जात आपोआप फुलती. ऑटोफ्लावर म्हनत्यात. शेतातला गांजा न्हाई ह्यो. आपुन अंबाडी लावतो तसंच हाय की."

ही तुलना अगदीच वेडगळ नाही. लिनिअसने १७५९ मध्ये अंबाडीला नाव दिलं ते 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी जास्वंद. दोन्हींची पानं हाताच्या पंजासारखी चिरलेली आणि कडेला दातेरी. दोन्हींच्या खोडातून वाख निघतो. इंग्रज व्यापारी अंबाडीच्या वाखाला 'डेक्कन हेम्प' म्हणत. आमच्या आजोबांचे कासरे, दावी, चऱ्हाटं सगळी याच वाखाची. नातं मात्र काही नाही. अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातली, तर गांजा बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या कुळातला. दोघांत सारखं आहे ते एकच: दोघंही रात्र मोजतात.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेही गांजाच्याच झाडावर. फ्रान्समध्ये ज्युलियाँ तुर्न्वा हा तरुण अभ्यासक १९१२ च्या सुमारास हॉप्स आणि भांगेची झाडं काचघरात वाढवत होता. थंडीच्या दिवसांत पेरलेली रोपं वीतभर होण्याआधीच फुलतात, हे त्याला दिसलं. दिवस लहान म्हणून, किंबहुना रात्र मोठी म्हणून, असा निष्कर्ष त्यानं काढला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच तो मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर हाच नियम सिद्ध केला. सोयाबीनची एक जात त्यांनी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरली, तरी फुलं जवळजवळ एकाच वेळी आली. लातूरच्या शेतकऱ्याला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पाऊस लांबला आणि पेरणी उशिरा झाली की सोयाबीन बुटकं राहतं, तरी फुलायचं थांबत नाही. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की झाड मोजतं ती अखंड काळोखाची लांबी. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी मोजणी मोडते. माझ्या परड्यातल्या दिव्यानं अंबाडीचं नेमकं हेच केलं होतं.

औसा साधारण सव्वाअठरा अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक थोडा, पण झाडाला पुरेसा. पावसाळ्यात उगवलेलं गांजाचं झाड भादव्यापर्यंत वाढतं आणि दिवस आखडले की फुलोऱ्यावर येतं. तुरीत, कापसात, उसात लपवलेली झाडं सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो; फुलोऱ्याला आलेलं झाड तर वासानंही लपत नाही.

आता ते 'आपोआप' फुलणं. रशियात व्होल्गाकाठच्या सारातोव भागात पडीक जागी, उकिरड्यावर उगवणारं एक खुजं झाड यानिशेव्स्की यानं १९२४ मध्ये वर्णन केलं आणि त्याला 'रुडेरालिस' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'रुडस' म्हणजे पडझडीचा राडारोडा. तिथे उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा, आणि रात्री पुरेशा मोठ्या होईपर्यंत थंडी दाराशी येते. रात्रीची वाट पाहणारं झाड बी धरण्याआधीच मरेल. म्हणून या झाडानं मोजणी सोडून दिली. वय तीन-चार आठवड्यांचं झालं की ते फुलतं, बाहेर उजेड किती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. या गुणाचा संकर करून गेल्या पंचवीसेक वर्षांत ज्या जाती निघाल्या त्या ऑटोफ्लावर. त्यांचा सगळा जन्म अडीच-तीन महिन्यांत आटोपतो. खोलीत वाढवणाऱ्यांना त्या सोयीच्या वाटतात, कारण एरवी गांजा फुलवायला रोज बारा तासांचा गच्च काळोख लागतो. आपल्याकडे निसर्ग तो काळोख दर आश्विनात फुकट देतो. एका परीनं पाहिलं तर ही जात आपल्या हवेला अनावश्यकच आहे. तिचा उपयोग भिंतींच्या आत.

एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली गांजाची व्याख्या माझ्या वहीत होती: फुलांचे किंवा फळांचे शेंडे, शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. पानांना ही सूट १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही आहे. भांग त्यामुळेच वेगळी पडली आणि आपल्या राज्यात ती दारूबंदी कायद्याखाली येते. मुलाच्या झाडांना फुलं आली नव्हती. मी वडिलांना म्हणालो, मग काळजीचं कारण नाही. ते हायसं वाटून गेले आणि वकिलांना तसं सांगितलं. वकील हसले.

कारण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात गांजाचं झाड लावण्यालाच मनाई आहे, आणि झाड म्हणजे त्या वंशाचं कुठलंही झाड. फुललेलं असो वा नसो, बुटकं असो वा उंच. विसाव्या कलमात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात कमी-जास्त वजनाच्या पायऱ्या आहेत, लागवडीत त्या नाहीत. व्याख्या वाचून मी कलम वाचायचं ठेवलं, ही चूक माझी.

कायदा लिहिताना डोळ्यांसमोर शेत होतं, असं मला वाटतं. लागवडीची खबर देण्याची जबाबदारी जमीनधारकावर, सरपंचावर, गावकामगारांवर टाकलेली आहे. हा विचार जुनाच. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. संपूर्ण बंदी नको, परवाने आणि कर ठेवा, असं सांगितलं. तेव्हाची लागवड निमाडात खांडव्याभोवती, बंगालात नौगावभोवती, आखून दिलेल्या शिवारात होई. नर झाडं ओळखून उपटायला तिथे खास जाणकार माणसं लावत. सगळं उघड्यावर, सगळं मोसमात. खोलीतल्या झाडाला शिवार नाही, मोसमही नाही. शिक्षा मात्र शेताचीच.

चौदाव्या कलमात वाख, बी किंवा बागकामासाठी सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडाने २०१८ मध्ये कमी नशेच्या वाणांना तशी वाट करून दिली. २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांसाठी अर्ज केला. इतर पिकांना भाव मिळत नाही, हे त्याचं म्हणणं. अर्ज पोलिसांकडे गेला आणि प्रसिद्धीसाठीचा ठरला. मला तो तसा वाटला नाही.

गेल्या महिन्यात वडील पुन्हा आले. या वेळी मी आठवं, चौदावं आणि विसावं कलम मराठीत उतरवून ठेवलं होतं, ते सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जाताना परड्यातली अंबाडी मागितली. मी भिंतीआडची खुडून दिली; ती आधी फुलते, मग पाला निबर होतो.