खोकल्याची सुई : कोणती आणि कोणासाठी?

सोयाबीनची मळणी सुरू झाली की अमडापूरच्या शिवारात कुटाराचा धुरळा उडतो, आणि थंडी पडली की चुलीत पऱ्हाटी पेटते. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या या गावातच नव्हे, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सगळीकडेच त्या दिवसांत घरोघरी कोणीतरी खोकत असते. आठ-पंधरा दिवसांत खोकला गेला तर ठीक. पण काहींचा जात नाही. दादी रात्री बिछान्यात उठून बसते. आपल्या खोकल्याने जमाअतीत इतरांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून अब्बा घरीच नमाज पढू लागतात. खोकताना लघवी सुटते म्हणून खाला लग्नाकार्याला जायचे टाळते आणि कारण कोणाला सांगत नाही. शेवटी घरातले वैतागून म्हणतात, "एक सुई मारून आणा."

या सुईबद्दल आम्हाला लिहावेसे वाटले, कारण जुनाट खोकल्यावर स्टेरॉइडचे इंजेक्शन चालते का, हे डॉक्टर खरोखरच तपासून पाहत आहेत. मात्र ती सुई वेगळी आहे.

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणते. दमा, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, छातीत जळजळ करणारे आम्ल ही त्याची नेहमीची कारणे. काहींच्या बाबतीत मात्र सगळ्या तपासण्या नीट येतात, तरी घशात सतत खवखवते. फोडणीचा ठसका, अत्तराचा किंवा लोबानचा वास, थोडे हसणे-बोलणे एवढ्यानेही उबळ येते. अशा वेळी दोष घशाच्या नसेत असावा, असे डॉक्टर मानतात. कंठमण्याच्या वर, मानेच्या दोन्ही बाजूंनी एकेक नस स्वरयंत्रात शिरते. घशात काही अडकल्याची खबर मेंदूला देणे हे तिचे काम. ती हळवी झाली की काही नसतानाही खबर देत राहते.

नवे इंजेक्शन देतात ते या नसेपाशी, मानेवर बाहेरून. त्यात स्टेरॉइड आणि बधिर करणारे औषध असते. भरती व्हावे लागत नाही, पण अनेकांना ते पुन्हा घ्यावे लागते. नंतर काही वेळ घसा बधिर राहतो, पाणी-अन्न श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर काही खायचे-प्यायचे नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांना आराम पडला होता. पण रुग्ण मोजके होते आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता.

दुसरा गट कशाला हवा? खोकला मोठा फसवा आहे. गेफापिक्संट नावाच्या खोकल्याच्या गोळीच्या दोन मोठ्या चाचण्या २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. त्यांत रुग्णांच्या अंगावर यंत्र लावून दिवसभरातला खोकला मोजला होता. ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली, त्यांचाही खोकला निम्म्याहून अधिक कमी झाला! खऱ्या गोळीचा फायदा त्याहून थोडासाच जास्त निघाला, आणि अमेरिकेच्या औषध खात्याने तिला परवानगी दिली नाही. म्हणून 'अमक्याला सुईने गुण आला' एवढ्यावर आम्ही विसंबणार नाही. स्टेरॉइडच्या सुईची खोट्या सुईशी तुलना करणारे अभ्यास झाले आहेत, पण तेही लहान. पक्के सांगायला मोठ्या चाचण्या लागतील.

गावात दंडात किंवा कमरेत टोचतात ती स्टेरॉइडची सुई सगळ्या अंगात भिनते. दोन दिवस बरे वाटते, भूक लागते, आणि तिथेच धोका आहे. आत क्षयरोग असेल तर स्टेरॉइड त्याची लक्षणे झाकते आणि शरीराची लढण्याची ताकद कमी करते. मधुमेह असेल तर साखर चढते. दमेकऱ्याला डॉक्टर स्टेरॉइड देतात ते निदान करून, मोजून देतात. तपासल्याशिवाय टोचणाऱ्याकडे जाऊ नये, हे आम्ही ठासून सांगतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी. सरकारी आरोग्य केंद्रामार्फत ती मोफत होते, औषधेही मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. मुलीचे लग्न व्हायचे आहे म्हणून टीबीचे नाव लपवणारी घरे आहेत. ते दुखणे त्या मुलीलाच लागू शकते, याचा विचार तेव्हा कोणी करत नाही.

कधी एखाद्या मोठ्या रुग्णालयात नव्या उपचाराच्या चाचणीत सामील व्हाल का असे विचारले, तर घाबरू नका, पण कागद समजल्याशिवाय अंगठाही देऊ नका. माहिती आपल्याला कळेल त्या भाषेत मिळाली पाहिजे. नकार देता येतो, मधूनच बाहेर पडता येते. चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नोंदवहीत नोंदलेली आहे का, हेही विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल अशा गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की तो बहुधा काही आठवड्यांत थांबतो. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नका.